सोप्याची उत्तरेकडची भिंत

आमच्या सोप्यातील, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीतील, उत्तरेकडच्या भिंतीला २०२१ च्या दिवाळीत फिकट पिस्ता रंग दिला आणि पुढच्या वर्षीचा श्रावण लागेपर्यंत त्या रंगाला तळहाताएवढे फुगे आले. बोटाने दाबले की फुगा भाजलेल्या पापडासारखा मोडत असे आणि आतून पिठीसारखी पांढरी पूड जमिनीवर सांडत असे. आई रोज सकाळी केर काढताना ती पूड सुपलीत भरून मला दाखवीत असे. बोलत काही नसे. पुढे कित्येक महिने आम्ही त्या भिंतीपुढे कपाट सरकवून आणि कॅलेंडरे टांगून दिवस काढले. अखेर गेल्या हिवाळ्यात ती खोली मुळापासून करायला घेतली. कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने लागले, आणि त्यांतले प्रत्यक्ष रंग देण्याचे दिवस जेमतेम आठ-नऊ होते.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले आमचे घर आजोबांच्याही आधीचे आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या दीड फूट जाडीच्या भिंती, सागवानी चौकटी, वर माळ्याच्या फळ्या आणि पश्चिमेला रस्त्याकडे उघडणारे दार व खिडकी, असा हा सोपा आहे. पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची भिंत वडिलांनी स्वयंपाकघर वाढवताना सिमेंटमध्ये नव्याने बांधून घेतली. उत्तरेची व पश्चिमेची मूळचीच राहिली. हा तपशील मुद्दाम सांगतो आहे, कारण रंगाच्या दुकानात खोलीची लांबी-रुंदी विचारतात, छटांचे पुस्तक पुढे करतात, पण भिंत कशात बांधली आहे हे मला तरी कोणी विचारले नाही. मीही ते सांगितले नाही, कारण ते सांगायचे असते हे मलाच ठाऊक नव्हते.

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हे दोन्ही आकडे मागे पडले, आणि दोन्ही वेळा सोप्यात गुडघाभर पाणी राहिले. दुसऱ्या पुरानंतर आम्ही गाळ काढला, भिंती धुतल्या, पंखे लावले आणि भिंत हाताला कोरडी लागते म्हणजे ती वाळली असे धरून चाललो. ओळखीच्या एका गवंड्याने, ओल वर चढू नये म्हणून, खालच्या तीन फुटांतला जुना गिलावा काढून तिथे सिमेंटचा गिलावा केला. त्यावर पुट्टी, प्रायमर आणि प्लास्टिक रंगाचे दोन हात झाले. त्या दिवाळीत पाहुणे आमच्या सोप्यात उभे राहून फोटो काढत होते.

मग घडले ते असे. चुन्यात बांधलेली जुनी भिंत जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीसारखे वर ओढते आणि तिच्या अंगावरून ते हळूहळू उडून जाते. शंभर वर्षे हाच व्यवहार चालू होता आणि वरचा चुना त्याला कधी आडवा आला नव्हता. सिमेंटच्या पट्ट्याने ती वाट बुजवली. पाणी त्यामुळे थांबले नाही, ते पट्ट्याच्या मागून आणखी वर चढले आणि तीन फुटांच्या वर बाहेर पडायला गेले, तर तिथे प्लास्टिक रंगाचा पापुद्रा होता. पाण्यात विरघळलेले क्षार त्या पापुद्र्यामागे साठत गेले, पाणी उडेल तसे त्यांचे स्फटिक वाढले आणि त्यांनी रंग उचलून धरला. आईच्या सुपलीतली पूड म्हणजे हाच खार. मी पट्टीने मोजून पाहिले, तेव्हा सारे फुगे जमिनीपासून साडेतीन ते साडेचार फुटांच्या उंचीवर, जणू दोरी धरून आखल्यासारखे आलेले होते. पुराचे पाणी तिथपर्यंत कधीच पोहोचले नव्हते.

हे सारे मला एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने उलगडून सांगितले. त्यांना पेठेत सगळे मामा म्हणतात. आता ते शिडीवर चढत नाहीत, पण बघायला येतात. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, नखाने एक पोपडा काढला, जिभेला लावला आणि म्हणाले, "सर, वल्ल्या पाठीवर इस्त्रीचा सदरा घातलासा की काय हुतंय, तेच झालंय बगा." पोपडा चाखून पाहण्याची गरज होती का, हे मी विचारले नाही. खारट लागला एवढे मात्र त्यांच्या तोंडावरून कळले.

दिवाळीच्या आधी रंग देण्याची आपली रीत सणाच्या दृष्टीने बरोबर असली, तरी कोल्हापूरच्या हवेच्या दृष्टीने गैरसोयीची आहे. जून ते सप्टेंबर भिजलेली भिंत दसऱ्यापर्यंत वरून कोरडी दिसते, पण आत ओलीच असते, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्या रंगाऱ्यांना घाई असते. मामांनी माघ महिना धरायला सांगितला. म्हणून दिवाळी होऊ दिली आणि नोव्हेंबरमध्ये छिन्नी-हातोडा घेऊन सिमेंटचा पट्टा फोडायला बसलो. आतल्या विटा गर्द ओल्या होत्या. हाताला गार लागत होत्या आणि सांध्यांतला चुना लोण्यासारखा मऊ झाला होता. भिंत तशीच उघडी सोडली. विटांवर येणारा पांढरा खार आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा, एवढेच काम. तो पाण्याने धुवायचा मोह होतो, पण पाण्यात तो पुन्हा विरघळतो आणि परत भिंतीतच जातो.

महिनाभराने ओल पाहण्याची एक सोपी रीत वापरली. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीला लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि रात्रंदिवस तसाच ठेवला. पहिल्या खेपेस कागदाच्या आतल्या बाजूला दहिवरासारखे थेंब जमले. पंधरा दिवसांनी पुन्हा लावला, तेव्हा खालच्या कोपऱ्यात थोडासा दमटपणा होता, बाकी कागद स्वच्छ. मग गिलावा करायला घेतला: एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि कालवण्याच्या पाण्यात थोडा गूळ. पूर्वी चुना घाण्यात मळून काढत आणि त्यात गूळ, हिरडा असे काही घालत, हे ऐकून माहीत होते. गुळासाठी कोल्हापुरात कोणाला लांब जावे लागत नाही, पण गवंडी पोरगा ढेप पाहून हसला. पुढे आठवडाभर मुंग्यांनी मात्र ते काम फार मनावर घेतले.

चुना हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. तीन दुकानांत चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, मागितली, तेव्हा दोन ठिकाणी पुट्टीची पिशवी पुढे केली आणि एका ठिकाणी पानपट्टीचा पत्ता सांगितला. शेवटी मामांनीच कुठून तरी दोन पोती मिळवून दिली. परड्यात पत्र्याच्या जुन्या पिंपात आधी पाणी भरले आणि मग त्यात थोडी थोडी कळी सोडली. हा क्रम उलटा करायचा नसतो. कळीवर पाणी ओतले तर ती उसळून अंगावर येते, आणि चुना डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती असते, म्हणून मामांनी मला स्वस्तातला का होईना, चश्मा घालायला लावला. पहिली काही क्षणे कळी नुसती बुडबुडे सोडत पडून राहिली. मग तिला तडे गेले, आतून फसफस आवाज आला, आणि बघता बघता सगळे पिंप चुलीवरच्या आधणासारखे खळखळू लागले. खाली जाळ नाही, लाकूड नाही, आणि वाफ माझ्या डोक्याच्या वर. पिंपाला हात लावून पाहिला आणि लगेच मागे घेतला. प्लास्टिकच्या बादलीत हे का करू नये, ते तेव्हा समजले.

असा विझलेला चुना पाण्याखाली ठेवला, तर बिघडत नाही, उलट मुरतो. जानेवारीत झाकण काढले तेव्हा वर काचेसारखी निवळी होती आणि खाली टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखा घट्ट, मऊ गोळा बसला होता. त्यातला लागेल तेवढा घ्यायचा, ताकाइतका पातळ करायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि त्यात डिंकाचे थोडे पाणी घालायचे. रंगासाठी पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीची पूड. पिवडी, काव, हिरमिजी, नीळ हे शब्द मी लहानपणी ऐकले होते, पण त्या नावांची पूड हातात घेतली ती पहिल्यांदाच. यांतले मातीतून मिळणारे रंग चुन्यात टिकतात. बाटलीतून मिळणारे सगळेच टिकतात असे नाही.

भिंत आधी पाण्याने ओली करून मग चुन्याचा हात मारायचा असतो. पहिला हात मारल्यावर माझी घोर निराशा झाली, कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो आणि आतला गिलावा जसाच्या तसा दिसत राहतो. मला वाटले, फार पातळ झाला; दाट करायला निघालो, तर मामांनी हात धरला. दाट लावलेला चुना वाळताना तडकून निघतो. संध्याकाळपर्यंत भिंत आपोआप पांढरी होत गेली, जणू कोणी आतून दिवा मोठा करीत होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. म्हणजे भिंतीवर बसते ती दगडाचीच अतिशय पातळ साय, आणि तिच्यातून ओल ये-जा करू शकते. दिवसाला एक याप्रमाणे चार हात दिले, त्यांतल्या शेवटच्या दोघांत पिवडी होती. ओल्या चुन्यात ती हळदीसारखी भडक दिसली आणि आई काळजीत पडली. वाळल्यावर भिंत साजूक तुपाच्या रंगाची झाली. शेजारची मूळची पश्चिम भिंतही त्याच हातांत उरकून घेतली.

शेवटचा हात ३१ जानेवारीला वाळला. त्या दिवशी अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होता. त्या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. पण आमच्या पश्चिमेच्या खिडकीतूनही त्याच सुमारास ऊन तिरपे शिरून उत्तरेच्या भिंतीवर लांबवर सरपटत जाते, हे इतकी वर्षे या घरात राहून माझ्या लक्षात आले नव्हते. अशा तिरप्या उन्हात भिंतीचे काहीही लपत नाही. थापीचा प्रत्येक फटकारा, हात थांबलेली प्रत्येक जागा आणि जुन्या खुंटीच्या भोकावर मी केलेली मलमपट्टी सावलीसकट दिसू लागली. पूर्वीच्या चकाकणाऱ्या रंगात हेच उंचवटे आरशासारखे चमकत आणि खुपत असत. चुन्याला चमक नाही, त्यामुळे ते दिसले तरी घोंगडीच्या विणीसारखे वाटले. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, हातानं केलंय ते कळू दे."

पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या सिमेंटच्या भिंतींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. त्या कोरड्या होत्या. जुना रंग खरवडला, पुट्टीचे दोन पातळ हात दिले, घासल्या, धूळ पुसली, प्रायमर दिला आणि वर बिनचमकीच्या प्लास्टिक रंगाचे दोन हात मारले. दोन्ही मिळून दार वजा जाता २४० चौरस फूट भरले आणि ४ लिटरचा डबा संपून वर आणखी थोडा रंग लागला, म्हणजे एका हाताला लिटरमागे साधारण ११५ चौरस फूट. पिवडीशी जुळणारी छटा यंत्रावर मिळवण्यासाठी मी चुना लावलेला विटेचा तुकडा दुकानात नेला होता. छटा जुळली, पण ऊन पडले की दोन भिंती वेगळ्या दिसतात. त्यावर इलाज नाही.

लाकूडकामाने मात्र भिंतींपेक्षा जास्त छळले. दार, चौकट, खिडकी, तिच्या चार झडपा आणि गज, एवढेच ते काम. पण त्यावर तेलरंगाचे इतके थर होते की कोयंड्याचे खिळेही त्यांत बुडाले होते. चौकटीची एक कड पॉलिश पेपरने घासत गेलो, तेव्हा बोटभर जागेत नकाशातल्या डोंगरासारखी वलये निघाली. सर्वांत बाहेर चॉकलेटी, तो वडिलांच्या काळचा. त्याच्या आत आकाशी. आई सांगते, तो आत्याच्या लग्नाच्या वेळी दिला होता. त्याच्या आत गर्द हिरवा, आणि मध्यभागी कवडीएवढे मूळ सागवान, तेलपाणी करून काळपट झालेले.

मला तेवढ्यावरून चेव चढला आणि सगळे दार लाकडापर्यंत तासून काढावे असे वाटू लागले. ते केले नाही, आणि त्याचे कारण शिसे. जुन्या तेलरंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, हा केंद्र सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचे आतले दोन थर त्याच्या कितीतरी आधीचे. परंपरेने मारुतीच्या अंगावर लावतात तो शेंदूरही शिशाचेच ऑक्साइड आहे, आणि पूर्वी लोखंडाला गंज चढू नये म्हणून तोच जवसाच्या तेलात कालवून लावत असत. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर पसरते, आणि ब्लो लॅम्पने जाळून काढला तर धूर छातीत जातो. लहान मुलांना तर दोन्ही घातक. बहिणीची दोन मुले दर रविवारी आमच्याकडे असतात. म्हणून जिथे रंग सुटला होता तेवढाच ओला करून, पाण्याचा पॉलिश पेपर वापरून काढला, खाली कागद अंथरले, ते गुंडाळून टाकले, आणि जो थर पक्का होता तो तसाच राहू देऊन त्यावर नवा रंग दिला. ज्यांना झगझगीत सागवान हवे असते, त्यांना हे अर्धवट वाटेल.

दार बिजागऱ्यांतून उतरवून परड्यात दोन लाकडी घोड्यांवर आडवे टाकले, तेव्हा ते दर पावसाळ्यात का फुगते याचा उलगडा झाला. त्याच्या खालच्या कडेला आजवर कोणीच रंग लावलेला नव्हता. तीन पिढ्यांनी पुढून-मागून हात मारले आणि जिथून पाणी चढते ती कड कोरीच ठेवली. रंध्याने दोन मिलिमीटर लाकूड काढले आणि सर्वांत आधी त्या कडेलाच प्रायमरचे दोन हात दिले. खड्ड्यांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली, ती वाळल्यावर घासली, गुलाबी प्रायमर दिला, पुन्हा घासले. शेवटी इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र सोडून. रंग आईने निवडला, तोच आतला गर्द हिरवा. दुसऱ्या हाताच्या वेळी ब्रशचा एक केस दाराच्या अगदी मधोमध चिकटला. तो काढायला गेलो आणि बोटाचा ठसा उमटवून बसलो. केस तसाच राहू देऊन वाळल्यावर खुडला असता तर काम भागले असते. आता तो ठसा दारावर आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला भाचा तो दाखवतो.

खिडकीच्या झडपांच्या आतल्या बाजूला पूर्वी पांढरा तेलरंग होता. ज्या दोन झडपा वर्षभर उघड्या राहून भिंतीला टेकलेल्या असतात, त्यांची झाकलेली बाजू लोणच्याच्या बरणीसारखी पिवळी पडली होती आणि उजेडातली बाजू पांढरीच होती. तेलात कालवलेला पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. त्यामुळे झडपांना आतून पाण्यात कालवायचे इनॅमल वापरले. गजांवरचा गंज घासून त्यांना रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग दिला.

भिंतीच्या पायथ्याशी चार इंचांचा गडद पट्टा ओढायची आमच्याकडे पद्धत आहे, म्हणजे फरशी पुसताना उडणारे शिंतोडे दिसत नाहीत. रंगाऱ्याच्या पोराने तेलरंगाचा डबा उघडलाच होता. उत्तरेच्या भिंतीवर तेलरंगाचा पट्टा म्हणजे पुन्हा तेच सिमेंट, फक्त चार इंचांचे. डबा बंद करायला लावला आणि चुन्यात तांबडी हिरमिजी कालवून पट्टा ओढला. तो तेलरंगासारखा सरळ रेषेत आला नाही.

या पावसाळ्यात पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आले नाही, पण जमिनीची ओल यायची ती आलीच. जुलैच्या मध्यापर्यंत उत्तरेची भिंत पट्ट्याच्या वर हातभर गडद झाली, ओल्या पंच्यासारखी. मी रोज सकाळी पेन्सिलीने तिची कड आखत होतो. ऑगस्टमध्ये ती थांबली आणि घटस्थापनेपर्यंत उतरत उतरत पट्ट्यापाशी आली. मागे थोडासा खार राहिला, तो ब्रशने झाडला, आणि पेन्सिलीच्या आठ-दहा रेघा तेवढ्या उरल्या. फुगा एकही नाही. दार जुलैतही एका हाताने लागत होते. तक्रार आहे ती भाच्याची: भिंतीला टेकून बसला की काळ्या शर्टावर पाठभर पिवडी उमटते. पिंपात अजून निम्मा चुना पाण्याखाली आहे. माघात आणखी एक हात देईन, आणि त्यात मामा सांगतात त्याप्रमाणे डिंक थोडा जास्त घालून पाहणार आहे.